बर्फ खाणारं झाड

कारधा गावच्या बायका वच्छलेला तोंडावर काही म्हणत नसत, पण तिच्या परसातल्या झाडाला त्यांनी माघारी नाव ठेवलं होतं: बर्फ खाणारं झाड. नाव काही खोटं नव्हतं. तिचा नवरा इश्वर भंडाऱ्याच्या मासळी बाजारात वजनकाट्यावर बसायचा. थंडी सुरू झाली की बाजार उठल्यावर उरलेला बर्फ तो पोत्यात भरून मोटारसायकलवर घरी आणायचा. वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत त्यातला निम्मा त्याच्या पँटीत जिरलेला असायचा. उरलेला वच्छला झाडाच्या बुडाशी थापायची आणि वर धानाची तणस पसरायची.

बर्फाला मासळीचा वास. त्या वासानं गावभरच्या मांजरी यायच्या आणि बूड उकरून ठेवायच्या. वच्छलेनं बाभळीचे काटे लावले, ते इश्वरच्याच पायात घुसले. माणसानं हौस करावी, पण या हौसेनं घरादाराच्या नाकी नऊ आणले होते.

झाड होतं पिओनीचं, थंड मुलखातल्या फुलाचं. मुलगी हर्षा हिमाचलातल्या एका दवाखान्यात नर्स झाली, तिथल्याच कुलदीपशी तिनं लग्न केलं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा सासूच्या अंगणातला एक कंद ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. आमच्या घरापुढे ही फुलं परातीएवढी होतात, म्हणाली. याला थंडी लागते, थंडी भेटली नाही तर नुसती पानं येतात, हेही तिनंच सांगितलं. कंद लावून, चार दिवस राहून ती गेली, ती पुन्हा आलीच नाही. कधी रात्रपाळी, कधी सासऱ्याचं आजारपण, कधी बर्फानं रस्ता बंद. एकदा फोनवर हसता हसता ती म्हणाली, "फूल आलं का सांग माय, पाहाले येते."

पोरगी हसण्यावारी बोलली. वच्छलेनं ते काळजावर कोरून ठेवलं. फूल आलं की हर्षा येणार. फूल नाही तर हर्षा नाही. झालं, बाई त्या झाडाच्या मागे लागली. उन्हाळ्यात त्यावर जुन्या लुगड्याची सावली बांधली. पावसाळ्यात शेजारच्या हळदीला मातीची भर देताना एक घमेलं मायेनं त्यालाही द्यायची, शेणखत कालवून. हिवाळ्यात बर्फ. आणि दरवर्षी होळीच्या सुमाराला लालसर कोंब वर यायचे, त्यांची हिरवीगार पानं व्हायची, वच्छला रोज वाकून कळी शोधायची, आणि वैशाखाच्या उन्हात पानं पापडासारखी करपून जायची. पालथ्या घड्यावर पाणी. तिला इतका राग यायचा की एकदा तिनं त्या झाडाला खराट्यानं मारलं, मग दिवसभर त्याच्यापाशीच बसून राहिली.

दोष द्यायला माणसं कमी नव्हती. मांजरी होत्या, ऊन होतं, आणि सगळ्यात हाताशी इश्वर होता. बर्फ उशिरा आणला, कमी आणला, पुलावर गप्पा मारत उभे राहिले. तो बिचारा भिजलेली पँट वाळत घालायचा. हर्षाचा फोन आला की वच्छला कोंब किती आले, पानं कुठवर चढली ते सांगायची. पोरगी बरं म्हणायची आणि बाबांची तब्येत विचारून फोन ठेवायची.

यंदा चैत्रातही नुसती पानंच आली. वच्छलेनं सकाळी सकाळी तोंड सोडलं, की संक्रांतीच्या आठवड्यात बर्फ चुकला तिथंच घात झाला. इश्वर न जेवता उठला आणि नदीकडे गेला. दोन दिवसांनी हर्षाचा फोन: तिकीट निघालं, येते, फूल तोडू नको.

वच्छलेच्या पायाखालची जमीन सरकली. इश्वरला धरून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, की नदीकाठावरून फोन लावला आणि फूल आलं, ये, म्हणून ठोकून दिलं. आता काय दाखवायचं पोरीला? वच्छला भंडाऱ्याच्या बाजारात कापडी फुलं पाहायलाही गेली. गुलाबी मोठं एक हातात घेतलं, आणि स्वतःचीच लाज वाटून परत ठेवलं.

हर्षा वरठी स्टेशनावर गाडीतून उतरली ती उन्हानं लाल होऊनच. घरी येऊन तिनं चहा घेतला आणि थेट परसात गेली. वच्छला मागे मागे गेली. हर्षानं झाड पाहिलं, फुलाचं नाव काढलं नाही. खाली बसून बुडाशी बोटं घातली. बोटं गेली, पंजा गेला, मनगटापर्यंत हात मातीत गेला.

"माय, इतकी माती कोनं टाकली याच्यावर?"

"मी. दरसाली टाकते. भर देल्याशिवाय कंद कसा पोसते?"

"हे हळद नाही होय. याचे कोंबाचे डोळे मातीत वरच्यावरच लागतात, थंडी तिथंच लागली पाहिजे. तू वरून बर्फ ठेवला अन् खाली मातीत डोळे बुजवले."

वच्छलेनंही शेजारी बसून मातीत हात घातला. इतकी वर्षं मांजरींना दगड मारले, नवऱ्याला घालून पाडून बोलली, आणि झाड गाडत होते ते तिचेच हात. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि तो काढायला आता कोणी उरलं नव्हतं. ती म्हणाली की तुझ्या बाबांनी खोटं सांगितलं, फूल आलंच नव्हतं, तू फुकट आली.

"मले फोनवरच समजलं," हर्षा म्हणाली. "बाबाले खोटं बोलता येते का कधी?"

"मंग आली काहून?"

"बाबा म्हनाले, ये. तू इतक्या वर्षांत एकदा तरी म्हनलं का? फोन केला का कोंब मोजून सांगे. मले वाटे, मायले झाड पुरते."

वच्छला भडकली. मायनं पोरीला ये म्हणून सांगावं लागतं का, पोरीला समजत नाही का, असं बरंच बोलली. पण बोलता बोलता तिचं तिलाच कळत गेलं. ताकाला जाऊन भांडं लपवत होती ती, आणि ताक वाढणारीनं ते भांडं कधी पाहिलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी दोघींनी मिळून बुडाची माती बाजूला केली. हर्षानं सांगितलं की आता हलवू नको, पावसाळा सरला की वर उचलून लाव. फूल येईल असं काही ती म्हणाली नाही. या उन्हात ते कदाचित कधीच येणार नव्हतं.

चार दिवसांनी वरठीच्या फलाटावर गाडी हलली तेव्हा वच्छला खिडकीबरोबर चालत गेली आणि म्हणाली, "फूल येवो का न येवो, हिवाळ्यात येजो." हर्षानं हो म्हणून मान हलवली. मग तिला स्वतःचेच डोळे पुसावे लागले.

परतताना वच्छला इश्वरच्या मागे मोटारसायकलवर बसली होती. पूल येईपर्यंत तिनं कसाबसा दम धरला.

"नुसतं ये म्हनलं का पोरगी येते, हे तुमाले माहीत होतं तर मले काहून नाही सांगितलं?"

इश्वरनं गाडी हळू केली. "मले कुठं माहीत होतं," तो म्हणाला. "मी बर्फाले कंटाळलो होतो."