साखरपुड्यातली निळी नवरी

माझ्या सख्ख्या भाचीला तिच्याच साखरपुड्यात मी निळी केली. (अंगाने! साडी अबोली होती, ती जांभळी झाली.)

याला कारण एक डिस्क. आम्हा सिनेमावेड्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. सगळे पन्नाशी ओलांडलेले, आणि वाद घालायला विषय दोनच: सिनेमाची कुठली आवृत्ती खरी आणि कुठला रंग खरा. आमच्या लाडक्या जुन्या सिनेमाची नवीन डिस्क आली, तिच्यात थिएटरमधली आवृत्ती होती आणि दिग्दर्शकाची, अकरा मिनिटं लांब अशी आवृत्तीही होती. मुलुंडचा पारुळेकर म्हणाला, "छोटीच खरी." मी म्हणालो, "लांबडी!" चार दिवस आमचं बोलणं बंद. पाचव्या दिवशी दोघांनीही आपापल्या घरी डिस्क लावली आणि मग खरं भांडण सुरू झालं.

"पिवळी आहे रे!" मी फोनवर ओरडलो. "हिरॉईनची पांढरी साडी चहात बुडवल्यासारखी दिसते. वाट लावली यार सिनेमाची!"

"साडी पांढरीशुभ्र आहे. तुझा टीव्ही बिघडलाय."

माझा टीव्ही? त्या रविवारी मी टीव्हीची सगळी सेटिंग उघडली. पिवळा कमी, निळा जास्त, अजून थोडा निळा, असं करत साडी पांढरी होईपर्यंत थांबलो नाही. एकदम झकास! माझी बायको सुनंदा हात पुसत बाहेर आली आणि टीव्हीकडे बघतच राहिली.

"अहो, ह्या बातम्या देणारीला काय झालं? विहिरीतून काढल्यासारखी दिसतेय."

"हा अचूक रंग आहे. तुम्हा लोकांना सवय नाही."

माझे वडील ब्याऐंशीचे. त्यांचं आयुष्य गिरणीच्या रंगखात्यात कापडाच्या छटा जुळवण्यात गेलं. ते खुर्चीतून हळूच म्हणाले, "झिला, ही बाय निळी कशाक पडली?"

मी त्यांनाही रंग समजावून सांगितला. (हो, त्यांना! मी!) त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पेपर उघडला.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंदाच्या मुलीचा, सायलीचा साखरपुडा झाला आणि त्याचा व्हिडिओ माझ्या हातात पडला.

"किती पिवळा काढलाय गं!"

"असू दे ना रे दादा. छान आलाय."

"असू दे काय? आयुष्यभर राहणार हा!"

दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून मी तो सगळा 'दुरुस्त' केला. शिवाय तीन तासांचा दीड तास केला. त्या काटछाटीत मुलाच्या तिन्ही मावश्या गेल्या. (कथानकाला गरज नव्हती.) आणि मंदाला न दाखवता व्हिडिओ थेट बोरिवलीला, मुलाच्या घरी पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा रिक्षाने आमच्या दिंडोशीच्या घरी येऊन धडकली. नेमका पारुळेकरही आला होता, स्वतःची डिस्क घेऊन, माझ्या टीव्हीवर लावून मला खोटं पाडायला.

"दादा, काय करून ठेवलंस! विहीणबाईंचा फोन आला होता. विचारतात, मुलीला हृदयाचा काही त्रास आहे का? ओठ निळे, नखं निळी! म्हणतात, आधी सांगायला हवं होतं. आता पुढचं बघू म्हणाल्या. आणि मावश्या विचारतायत, आम्ही हॉलमध्ये होतो की नव्हतो!"

"रंग अचूक आहे," मी म्हणालो. पण आवाज जरा बारीक आला.

पारुळेकरने तिच्या फोनवर व्हिडिओ पाहिला. तो हसला नाही. तिथे मात्र मी घाबरलो. "बाबा, तुम्ही जरा बघता का?" तो म्हणाला.

बाबांनी व्हिडिओ पाहिलाच नाही. ते आत जाऊन स्वतःचा इस्त्रीचा रुमाल घेऊन आले आणि मनगट धरून मला खिडकीशी नेलं.

"शेड उजेडात बघूची. डावो डोळो झाक. रुमाल कसलो?"

"बदामी."

"आता उजवो झाक."

मी झाकला. रुमाल जवळजवळ पांढरा!

"बाबा, रुमाल बदललात?"

"रुमाल तोच. तुझो डोळो बदललो. माका पण असाच झाला होता. सुनेक मी रोज सांगत होतंय, भिंती धू म्हणान. ऑपरेशन झाल्यावर कळला, भिंती पांढऱ्याच."

"दोनदा धुतल्या मी!" सुनंदा आतून म्हणाली.

मंदाचा राग तिथेच विरघळला. "दादा, तुला दिसत नाही आणि तू बोलला नाहीस?" म्हणून ती रडायलाच लागली. कसा बोलणार? मलाच माहीत नव्हतं!

पारुळेकर मला त्याच दिवशी घाटकोपरला, त्याच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. मोतीबिंदू. उजवा चांगलाच पिकलेला, डाव्यात सुरुवात.

"गाडी चालवता?" त्यांनी विचारलं.

"स्कूटर. रोज साकीनाक्यापर्यंत."

"आजपासून बंद."

तेव्हा मला एकेक आठवायला लागलं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे हल्ली फुटल्यासारखे दिसायचे आणि मी त्या गाडीवाल्यांना शिव्या घालायचो! सायली निळी पडली नसती, तर एखाद्या दिवशी मीच पडलो असतो.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा समोर बाबा बसले होते.

"माझ्या शर्टाचो रंग सांग."

"आकाशी."

त्यांनी नुसती मान हलवली. गिरणीत माल पास करताना अशीच हलवत असतील. मला एकदम भरून आलं, पण डॉक्टरीणबाई ओरडल्या, "डोळ्यात पाणी नको!"

घरी आलो, टीव्ही लावला आणि किंचाळलो, "ह्या सेटिंगला कुणी हात लावला?" सगळे माझ्याकडे बघत होते. मग सायलीचा व्हिडिओ लावला. दहा सेकंदही बघवेना. ती बिचारी अंगठी घालतेय आणि वाटतंय, कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा!

काळा चष्मा लावून, पेढे आणि मूळ व्हिडिओ घेऊन मी मंदाबरोबर बोरिवली गाठली.

"म्हणजे मुलगी ठणठणीत आहे," विहीणबाई म्हणाल्या, "आणि जे काही आहे ते मामालाच?"

"मामालाच," मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की लग्नाची तारीख तिथेच ठरली. तिन्ही मावश्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्यांच्यामध्ये बसून मी पूर्ण तीन तासांचा व्हिडिओ पाहिला, एक मिनिटही पुढे न ढकलता.

ग्रुपवर मी जाहीर माफी लिहिली: डिस्क बरोबर, मी चूक, पारुळेकर देवमाणूस. पाचव्या मिनिटाला एकाने विचारलं, "लेन्स कुठली बसवली? काही लेन्स जरा निळं दाखवतात म्हणे." झालं! संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये दोन तट पडले. शेवटी पारुळेकर वैतागून म्हणाला, "तूच एकदाचं सांगून टाक रे, साडी पांढरी की पिवळी?"

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. म्हणून मी प्रामाणिकपणे लिहिलं, "उजव्या डोळ्याने मी तुझ्या बाजूला आहे. डाव्याने अजून माझ्याच!"