कान बंद करून घेतलेला श्वास

गेल्या उन्हाळ्यात माझी नणंद शहापूरहून आली आणि म्हणाली, "तुहं ते श्वासाचं मलेही शिकव." त्यातलं अर्धं मी लगेच शिकवू शकत होते. उरलेलं शिकवायचं तर तिची आई कशी गेली ते सांगावं लागणार होतं, आणि ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

तिची आई म्हणजे माझी सासू. मी त्यांना आत्या म्हणायची. त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात तेवढा राहिला. त्या हाताजवळ मी एक स्टीलची वाटी ठेवली. काही लागलं की त्या ती वाटी लोखंडी पलंगाच्या कडेवर आपटायच्या. पाणी, कूस बदलणं, ओलं अंथरूण, तोंडावरची माशी. कधी काहीच नसायचं, मी आहे की नाही एवढंच बघायचं असायचं. नवरा वरठीच्या कारखान्यात शिफ्टला. मी शाळेतली नोकरी सोडली. सोड असं कोणी म्हटलं नाही, सोडू नको असंही नाही.

पुढे कधीतरी भात वेळताना भांडं निसटलं आणि उकळती पेज पायावर सांडली. ओरडायला हवं होतं. मी नुसती पायाकडे बघत उभी राहिले, दुसऱ्या कोणाचा असावा तसा तो पाय. उपकेंद्रातल्या नर्स मॅडमनी मलम लावलं, बीपी बघितलं.

"झोप लागते का?"

"लागते. वाटी वाजेपर्यंत."

"गोळी नाही देत मी आत्ताच. आधी नीट श्वास घ्या."

"घेतच आहो ना, मॅडम. नाही तं चौघांच्या खांद्यावर आली असती."

"मजाक नका करू. अर्धाच घेऊन राहिल्या तुम्ही, वरच्या वर. धापा टाकते कुत्रं तसा."

तिथंच स्टुलावर बसवून, पोटावर हात ठेवायला लावून त्यांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. पहिली, पोट फुगेल असा हळू श्वास घ्यायचा आणि घेतला त्याहून सावकाश सोडायचा. दुसरी, एका नाकपुडीनं घेऊन दुसरीनं सोडायचा. तिसरी भ्रामरी. अंगठ्यांनी कान बंद, डोळे मिटलेले, ओठ मिटलेले, आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा गुणगुण आवाज. जेवल्याबरोबर करायचं नाही, चक्कर आली तर थांबायचं.

घरामागच्या सांदवाडीत, धानाच्या तणसाच्या ढिगाशेजारी पाट टाकून मी बसू लागले. सुरुवातीला पाठीला खाज येण्यापलीकडे काही झालं नाही. मग हळूहळू फरक पडला. श्वास सोडायला जास्त वेळ दिला की खांदे आपोआप खाली येतात, हे मला इतक्या वयात कळलं. दुपारनंतर अंग ओल्या पोत्यासारखं व्हायचं, ते कमी झालं. संध्याकाळचा स्वयंपाक मी भिंतीला न टेकता करू लागले. त्यानं बरं वाटत होतं, हे लिहायलाच हवं. वाटलं नसतं तर मी चार दिवसांत सोडून दिलं असतं.

पण पहिल्या दोन प्रकारांत कान उघडे असायचे. श्वास अर्ध्यावर असताना आत वाटी वाजायची आणि मी उठायची. भ्रामरीत वाटी ऐकू येत नव्हती. स्वतःचाच आवाज डोक्यात भरून जायचा, दुसऱ्या कशाला जागाच उरायची नाही. हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. थोड्या दिवसांनी मी बाकीचे दोन सोडून दिले. नवऱ्याला सांगितलं, मला भ्रामरीनंच फरक पडतो. ते खोटं नव्हतं.

धानाची कापणी आटोपली होती. नवरा कारखान्यात होता. दुपारी आत्यांना पेज भरवली, तोंड पुसलं, मागच्या दारानं जाऊन पाटावर बसले. मध्ये एकदा अंगठे सैल झाले. आत वाटी वाजत होती. मी अंगठे पुन्हा आत दाबले आणि पुढचा श्वास घेतला. त्यानंतर किती घेतले, माहीत नाही. त्या दिवशी फार बरं वाटत होतं.

आत गेले तेव्हा वाटी पलंगाखाली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, कोणाच्या हातात काही नव्हतं. मी कुठं होते हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. बाया मला धरून म्हणत होत्या, "रड वं बाई, मोकळी होशील." मला रडू आलं नाही. लोकांना वाटलं धक्का बसला. तेरवीला नणंदेनं सगळ्या सोयऱ्यांसमोर माझ्या खांद्यावर साडी टाकली. "माह्या मायले हिनं लेकरावानी ठेवलं." मी वाकून नमस्कार केला आणि साडी घेतली. ती कपाटात तशीच आहे.

आणि आता ताई, म्हणजे ही नणंद, माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. तिचा सासरा पडला होता, खुब्याचं हाड मोडलेलं, सगळं खाटेवर.

"माह्या छातीत नुसतं धडधड होते. म्हातारं बोलावते अन् मले वाटते भिंतीवर डोकं आपटावं."

मी तिला पहिले दोन शिकवले. ती लवकर शिकली.

"अन् ते कान बंद कराचं? भाऊ तं म्हणे, तुले त्यानंच गुण आला."

"ते नका करू, ताई."

"काहून?"

मी सांगितलं. वाटी, अंगठे, सगळं, जसं वर लिहिलं तसंच. आवाज माझाच होता, पण शेजारच्या घरातून यावा तसा येत होता.

तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"किती वेळ वाजली?"

"माहीत नाही. कान बंद होते."

चहा तसाच ठेवून तिनं पिशवी उचलली. फाटकाशी थांबली. "माय पाणी मांगत असन," एवढं म्हणून ती गेली.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, बहीण न जेवता कशी गेली. मी त्यालाही सांगितलं. त्यानं बूट काढले, हातपाय धुतले, म्हणाला, "वाढ." आम्ही जेवलो. सांगितल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

धानाची रोवणी संपली तरी ताईचा फोन नव्हता. मग एका दुपारी आला. कशी आहेस, बरी आहेस का, असलं काही नाही.

"सोडताना तोंड उघडं ठेवाचं का बंद?"

ती श्वासाचं विचारत होती, हे कळायला क्षण लागला. मग म्हटलं, "थोडंसं उघडं. फुकणीनं चूल फुकतो तसं, पण हळू."

"आवाज होऊ द्याचा?"

"नाही. आवाज नको."

तिनं तिकडे करून पाहिलं. मला तिचा श्वास ऐकू येत होता, लांब, शेवटी थोडा तुटणारा. इतक्यात मागून म्हाताऱ्याची हाक आली.

"थांब. म्हातारं बोलावून राहिलं," ती म्हणाली आणि फोन कुठंतरी ठेवून गेली. बंद केला नाही.

चपला वाजल्या. तांब्या वाजला. खाट करकरली. म्हातारा काहीतरी पुटपुटला आणि ती त्याच्यावर खेकसली, "आलो ना! उडत येऊ का मी?" मग पाणी पिण्याचा आवाज आला.

मी फोन कानाला लावून ऐकत बसले.