आफरीनने वगळलेलं नाव

आम्ही आंबेवाले तसे भांडखोर, पण पत्र लिहायला बसलो की अतिशय सभ्य. 'कलमवाले' या इंटरनेटवरच्या आमच्या चर्चामंचावर कोणी थेट प्रश्न विचारत नाही. आधी 'मुसाभाई, नमस्कार', मग घरची खुशाली, आणि मग मोहोरावर तुडतुडे पडल्याची रड. मी सदू, मालगुंडचा. यात सगळ्यांच्या पुढे.

मुसाभाई सोलकरांनी बावीस वर्षं कुवेतमध्ये काढली, परत येऊन कातळात सुरुंगाने खड्डे पाडून बाग उभी केली आणि अठरा वर्षांपूर्वी हा मंच सुरू केला. प्रत्येकाला उत्तर द्यायचे, वेळप्रसंगी शिव्याही द्यायचे. गेल्या वर्षी ते गेले. तरी लोक त्यांनाच उद्देशून लिहीत राहिले. सवय, दुसरं काय! आता मंच त्यांची मुलगी आफरीन बघते. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती रत्नागिरीत घरी बसून करते.

मंचावर नऊ लाख नोंदी साठल्या होत्या. जुनं काही शोधायचं तर दोन-दोन मिनिटं पडद्यावर नुसतं चक्र फिरायचं. मंचाच्या समितीतल्या रितेशने वैतागून जाहीर केलं, "मोहोर यायच्या आत सुधारलं तर ठीक, नाहीतर हे बंद करून फोनवर ग्रुप काढू." मंच बंद म्हणजे मुसाभाईंची सतरा वर्षांची उत्तरं गेली.

आधी तिने सर्व्हर मोठा घेतला. ढिम्म फरक पडला नाही. मग आम्ही शोधायच्या चौकटीत काय लिहितो ते तिने काढून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आम्ही तिथेही पत्रच लिहीत होतो! 'मुसाभाई, नमस्कार, आपण कुशल असाल, माझ्या हापूसला तुडतुडे लागले आहेत.' बिचारं यंत्र यातला एकेक शब्द नऊ लाख नोंदींत हुडकत बसायचं, आणि 'नमस्कार' तर जवळपास सगळीकडेच.

"सदूकाका, मशीनला कोण नमस्कार करतो?" तिने मला फोनवर झापलं.

"मग काय थेट मागायचा? ता बरा दिसल काय गो?"

शोधताना सोडून द्यायच्या शब्दांची तिने यादी केली. नमस्कार, कुशल, आपण, आहेत, सगळे गेले. दोन मिनिटांचं काम वीस सेकंदांवर आलं. उरलेला खोळंबा एकाच शब्दाचा होता. 'मुसाभाई' हे नाव सात लाख नोंदींत होतं.

ते काही तिच्याने यादीत घालवेना. आठवडा गेला. मी कोकमाची सोलं द्यायला घरी गेलो तेव्हा तिने खरं सांगितलं. रोज संध्याकाळी काम आटोपलं की ती चौकटीत 'मुसाभाई' लिहायची, चक्र थांबेपर्यंत वाट बघायची आणि वर येतील त्या प्रश्नांखालची अब्बांची उत्तरं वाचायची. त्यांच्या खात्यावर सगळं ओळीने होतंच, पण तिला हाक मारल्यासारखं नाव लिहायचं असायचं.

"यादीत घातलं की मी नाव लिहिलं तरी मशीन 'काही सापडलं नाही' म्हणेल, काका."

मला राग आला. कोणावर ते कळेना. "नि मंचच गेला तर कोणाला हाक मारशील?" मी म्हटलं. तिने नाव यादीत घातलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "लिहा तुमचं पत्र."

मी सवयीने मुसाभाईंपासून सुरुवात करून तुडतुड्यांपर्यंत सगळं लिहिलं. बोट उचलेपर्यंत उत्तर हजर! सगळ्यांत वर माझाच तेरा वर्षांपूर्वीचा प्रश्न आणि खाली मुसाभाई: 'सदू, औषध मारत सुटू नको. आधी आतल्या फांद्या काढ, उजेड शिरू दे. बाकीचं परवा लिहितो. उद्या आफरीनचा गणिताचा पेपर आहे, पोरगी घाबरलीय. तिच्यापाशी बसतोय.'

वर्षभर नावाने शोधून हे तिच्यासमोर कधी आलंच नव्हतं. तिने ते दोनदा वाचलं आणि तोंडावर ओढणी धरून रडली. मीही रडलो, लाज कसली त्यात.

मग मी रितेशला फोन लावला. त्याने तिकडे शोधून पाहिलं आणि "चालू ठेवू" म्हणाला. मी ते आफरीनला सांगितलं. तिने मान हलवली, डोळे पुसले आणि लॅपटॉप पुन्हा पुढ्यात ओढला.

"काका, अब्बांना तुम्ही अजून काय काय विचारलं होतं? आठवून सांगा, मी एकेक लिहिते."