विमान जाईपर्यंत

देवाने माझ्याकडे माझी मुलगी मागितली असती, तर थोडी कुरकुर करून मी दिलीही असती. पण त्याने मागितलीच नाही, न विचारता उचलून नेली, असं मला त्या वेळी वाटलं आणि मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. मी मूळची वसईची, जन्माने कॅथलिक आणि जिभेने तिखट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आमचे हे हीथ्रो विमानतळावर मालाच्या विभागात कामाला होते. ते गेल्यावर हॅरोच्या घरात आम्ही दोघीच उरलो, मी आणि माझी एकुलती एक लीना. ती इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली, मराठी मोडकंतोडकं. बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरच्या कंपनीत तिला चांगला जॉब लागला होता, आणि वसईच्या दोन बऱ्या स्थळांची पत्रं माझ्या ड्रॉवरमध्ये तयार होती.

खाणकामगारांचा संप चालला होता त्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर मी ताटं वाढत होते आणि लीना म्हणाली, “आई, मी जॉब सोडली. मला सिस्टर बनायचा आहे.” माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आधी वाटलं, चेष्टा करतेय. मग विचारलं, कुठल्या कॉन्व्हेंटमध्ये? माझ्या दोन आत्या धर्मभगिनी होत्या. मोठं आवार, शाळा, दवाखाना, गावात मान. तसं काही असतं तर मी रडले असते आणि नंतर चारचौघांत मिरवलंही असतं. पण हिचा धर्मसंघ म्हणजे हाउन्सलोमधलं एक भाड्याचं सेमी-डिटॅच्ड जोडघर आणि त्यात दोन बायका! एक नोरा नावाची आयरिश नर्स, दुसरी ॲग्नेस, कमरेने अधू झालेली निवृत्त शिक्षिका. ज्या म्हाताऱ्यांना कुणी नाही त्यांच्या उशाशी शेवटपर्यंत बसायचं, कुणालाही एकट्याने मरू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. ना बिशपांची मान्यता, ना पोशाख, ना संघाला धड नाव. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तू वेडी झालीस का? आणि माझं कोण आहे गं?” मी ओरडले. ती रडली, पण बॅग घेऊन गेलीच. मी दारात उभी राहिले. तिची गाडी वळली तरी मला ते खरं वाटत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी जाऊन तिचा हात धरून परत आणायचं मी ठरवलं होतं. पण मला असा काही ताप भरला की आठवडाभर अंथरुणातून उठता आलं नाही. पडल्या पडल्या नोराला काय काय सुनवायचं ते मी इंग्रजीत पाठ करत होते. अंगात जरा ताकद आली तशी कोट चढवला आणि निघाले. निघताना पिशवीत मसाल्याची बाटली टाकली. आमच्या वसईकडे उन्हाळ्यात पंचवीस-तीस जिन्नस कुटून बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरतात, तो बाटलीचा मसाला. लीनाला त्याच्याशिवाय जेवण जात नाही. भांडायला जायचं झालं म्हणून काय रिकाम्या हाताने जायचं? रेनर्स लेनहून भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन घेतली, ॲक्टन टाउनला गाडी बदलली आणि साडेअकराच्या सुमाराला त्या घराची बेल दाबली.

दार उघडलं ते एका उंच, राखाडी कार्डिगन घातलेल्या बाईने. हीच नोरा, हे मी ओळखलं. गळ्यात लाकडी क्रूस होता आणि घरभर काहीतरी करपल्याचा वास. तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, बाहेर डोकावणाऱ्या बाटलीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “आलात! अगदी वेळेवर आलात. किचन इकडे आहे,” ती म्हणाली. मी तोंड उघडलं आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य सुरू केलं, की मी लीनाची आई आहे आणि मी तिला घेऊन जायला आलेय. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. विमानतळाला खेटलेल्या हाउन्सलोत राहणाऱ्यांना नवल नाही, पण त्या घराची कौलं आणि विमानाची चाकं यांच्यात जेमतेम कावळा उडेल एवढीच जागा असावी. खिडक्या थरथरल्या. नोराने डोळे मिटून मान खाली घातली. आतल्या खोलीत ॲग्नेसने हातातली सुरी ठेवून तसंच केलं. विमान जाईपर्यंत कुणी हललं नाही. माझं वाक्य कुठल्या कुठे उडून गेलं.

मग ॲग्नेसनेच सांगितलं. विमान आलं की बोलणं ऐकू येत नाही, वैताग होतो, म्हणून त्यांनी नेमच केला होता. तेवढा वेळ गप्प राहायचं आणि आज जो कुणी एकटा असेल त्याचं नाव मनात देवापुढे ठेवायचं. आणि विमानं तर दर दोन मिनिटांनी! अहो, दर दोन मिनिटांनी थांबून कुणाला भांडता येतं का? मी चिडून वाक्य सुरू करायचे, अर्ध्यावर घरघर सुरू व्हायची आणि दोघी माना खाली घालायच्या. त्यात त्या घराचा दुसरा नियम असा की दारी आलेल्याला जेवल्याशिवाय नाव-गाव, काम काही विचारायचं नाही. म्हणजे मी कोण हे कुणी विचारेना आणि सांगायला गेले तर विमान. लीना कुठे दिसेना. भिंतीवरच्या पाळ्यांच्या कागदावरून कळलं की ती फेल्टमला एका आजारी बाईपाशी बसली होती आणि तीन-साडेतीनला यायची होती. तोवर मी काय करणार? गॅसवरचं ते करपलेलं पातेलं बघून माझे हात शिवशिवायला लागले.

स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत एक म्हातारबाबा होते. हॉस्पिटलने घरी पाठवलेले, पण घरच नसलेले. चार दिवसांत त्यांनी डब्यातल्या सूपचा घोटही घेतला नव्हता. मी कपाट धुंडाळलं, मूठभर तांदूळ सापडले. मऊ पेज केली, मीठ घातलं, मसाल्याची नखभर चिमूट टाकली आणि वाटी नोराच्या हातात द्यायला गेले, तर ती म्हणाली, “तुम्हीच द्या.” मी चमचा पुढे केला. बाबांनी तोंड उघडलं. एक चमचा, दुसरा, पाचवा. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. वाळलेला, गरम हात. आणि मला एकदम आमचे हे आठवले. हेही असेच वॉर्डात पडले होते आणि मी बसमध्ये अडकले होते. मी पोचले तेव्हा वीस मिनिटं उशीर झाला होता. नर्स म्हणाली होती, ते दाराकडे बघत होते. सोळा वर्षांची लीना तेव्हा माझ्याशेजारी उभी होती आणि आम्ही दोघी त्यावर पुढे कधी एक शब्द बोललो नव्हतो. ती या घरात का आली, हे मला त्या चमच्यापाशी कळलं. मी वाटी मांडीवर ठेवली आणि परक्या माणसापुढे ढसाढसा रडले.

तीन वाजता एकदम शांत झालं. विमानतळवाले दुपारी तीनला उतरण्याची धावपट्टी बदलतात, हे आमच्या ह्यांच्याकडून कितीदा तरी ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. नोराने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, समोर उभी राहून म्हणाली, “आता विमान येणार नाही. मघापासून तुम्हाला काहीतरी सांगायचंय. बोला.” आठवडाभर पाठ केलेलं सगळं भाषण जिभेवर होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, “उद्या तांदूळ जास्त लागतील.” माझाच माझ्या कानांवर विश्वास बसेना.

तेवढ्यात लीना आली. मला स्वयंपाकघरात बघून ती पांढरीफटक पडली. “सिस्टर, ही माझा आई आहे,” ती कशीबशी म्हणाली, तेही घाबरून मराठीत. मग इंग्रजीत सांगितलं. आता हादरायची पाळी नोराची होती. ती मट्‌कन खुर्चीत बसली. तिघींपैकी एकीलाही स्वयंपाक येत नव्हता, म्हणून त्यांनी संत जोसेफची नोव्हेना धरली होती. नऊ दिवस प्रार्थना, की घरात रांधणारं कुणीतरी पाठव. तो नववा दिवस होता. दारात पिशवी घेतलेली बाई दिसली तेव्हा नोराला जराही शंका आली नव्हती. करायला गेले एक आणि झालं भलतंच! मला ताप आला नसता तर मी पहिल्याच दिवशी येऊन त्या घराला शिव्याशाप देऊन गेले असते. हा चमत्कार की योगायोग, हे मला सांगता येणार नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, एवढं मात्र खरं.

मी लीनाला परत नेलं नाही, पण हार मानली असंही समजू नका. तिच्यावर नजर ठेवायला येते, असं सांगून मी आठवड्यातून एकदा जायला लागले, मग तीनदा, मग रोज. बघता बघता मुली येऊ लागल्या. एक केरळची नर्स, एक लिव्हरपूलची टायपिस्ट, दोघी आयरिश बहिणी मायोच्या. कुणी टिकल्या, कुणी महिन्यात पळाल्या. दुसरं घर हॅरोला झालं, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. काही वर्षांनी बिशप स्वतः जेवायला आले. माझ्या मसाल्यातले बेक्ड बीन्स खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पुढच्या वसंतात संघाला रीतसर मान्यता मिळाली. दोन्हींचा संबंध मी लावत नाही, नोरा लावायची. तोवर वसईला पत्रात मी ‘आमचा संघ’ असं लिहायला लागले होते.

आणि मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, कायमची व्रतं घ्यायला महिना उरला असताना, लीना माझ्याजवळ येऊन बसली. मी हाउन्सलोच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत होते. “आई, मी जाते आहे. मी व्रत नाही घेणार. नोराला सांगितलं. तुला सांगायची मला जास्त भीती वाटला.” जे ऐकायला मी इथे आले होते, तेच ती सांगत होती. आणि मी काय करावं? “शी! लोक काय म्हणतील? देवाला दिलेला शब्द असा मोडतात?” असं मी तिच्यावर कडाडले. ती माझ्याकडे बघतच राहिली. मीही स्वतःकडे बघत राहिले. बाप एकटा गेला, ते दुःख घेऊन ती आली होती आणि कितीतरी म्हाताऱ्यांचे हात धरता धरता ते फिटलं होतं. आता तिला तिचं आयुष्य हवं होतं. मी तिला जवळ घेतलं, पण आतून मी पार कोसळले होते.

ती बेसिंगस्टोकला परत गेल्यावर मी नोराकडे गेले आणि म्हटलं, ती माझ्यामुळे तर सोडून गेली नाही ना? नोरा तेव्हा थकली होती, काठी घेऊन चालायची. ती म्हणाली, “लीना आली ती आम्ही नोव्हेना सुरू केली त्याच्या आदल्या दिवशी. आम्ही मागितलं ते तिच्यानंतर आलं.” विमान आलं. मी मान खाली घातली आणि तेव्हा कुठे मला उमगलं. इतकी वर्षं मी समजत होते की देवाने माझी मुलगी नेली. त्याने तिला फक्त पुढे चालवलं होतं, मागून मी यावी म्हणून. मला तर कुणी बोलावल्याचं कळलंही नव्हतं. विमान गेल्यावर मी विचारलं, विधवेला, साठी उलटलेल्या बाईला, व्रतं घेता येतात का? नोरा हसून म्हणाली, हे विचारायला तुम्ही फार वेळ लावलात.

बातमी कळताच लीना बेसिंगस्टोकहून तडक हाउन्सलोच्या घरी आली. दारातच सुरू झाली, “आई, तू वेडी झालीस का? आणि माझं कोण आहे? तू पण मला सोडणार?” शब्द अन् शब्द माझेच, त्या रविवारचे. तेवढ्यात डोक्यावर घरघर सुरू झाली. मी डोळे मिटले आणि त्या दिवशी एकट्या असलेल्या माणसाचं नाव घेतलं, ते तिचंच होतं. डोळे उघडले तर तिनेही मान खाली घातलेली, हात जुळलेले. सात वर्षांची सवय कुठे जाते? तिने कुणाचं नाव घेतलं ते मी विचारलं नाही. देवाच्या हाती सोडायचं म्हणजे टाकून द्यायचं नसतं, एवढं मला त्या घराने शिकवलं आणि त्यासाठी त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. विमान लांब गेलं. तिच्या गालावर पाणी होतं. मी दार पूर्ण उघडलं आणि त्या घरात आलेल्या प्रत्येकाला पहिलं जे विचारतात तेच विचारलं, “जेवलीस का?”