वणी-यवतमाळ गाडीत बाबांची प्रार्थना

वणीहून सुटलेला माझा विश्वास मारेगावपर्यंतही पोचला नाही.

तसा मी चर्चमधला वजनदार माणूस. पंचकमिटीत आहे, रविवारी शास्त्रपाठ वाचतो आणि ‘प्रभूची लाज धरू नका’ या विषयावर तरुण संघापुढे पाऊण तास बोललेलो आहे. त्यानंतर आठवडाभरातच बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी यवतमाळला न्यायचं ठरलं. त्यांची नजर इतकी गेली होती की समोर माणूस आहे की खांब, हे आवाज आल्याशिवाय त्यांना कळत नसे. (सावधगिरी म्हणून ते दोघांनाही सलाम करत.)

एसटीत गर्दी होती. बाबांना ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली, मला पार मागची. शेजारी बघतो तर मी शिकवतो त्या शाळेचे नवे मुख्याध्यापक! चारच दिवसांपूर्वी रुजू झालेले. माझ्याविषयी त्यांचं मत अजून बनायचं होतं, म्हणून मी पोट आत घेऊन बसलो.

गाडी गावाबाहेर पडली आणि बाबा उभे राहिले. प्रार्थना केल्याशिवाय ते कधी सायकलवरही बसले नाहीत. त्यांनी दांडा धरला, डोळे मिटले आणि आयुष्यभर वर्ग शिकवलेल्या आवाजात सुरुवात केली.

“हे प्रभू, या चालकाची नजर शाबूत ठेव. याचे ब्रेक शाबूत ठेव. परवा याच रस्त्यात उलटून पडलेल्या कोळशाच्या ट्रकसारखी आमची गत होऊ देऊ नकोस.”

एका आजीनं उतरण्यासाठी पिशवी उचलली. पुढचं लेकरू रडायला लागलं. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली.

“बाबाजी, काहून घाबरवून राह्यले लोकायले? कोण आहे तुमच्यासंगं?”

“माहा पोरगा आहे न मांगं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी हाक मारली, “पिंटू!”

(मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे.)

अख्खी गाडी हसली. मुख्याध्यापकही हसले आणि मला विचारू लागले, कोण हो हे गृहस्थ? मी म्हणालो, असतील कोणी. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून विचारलं, पिंटू तुम्हीच का? मी नाही म्हणालो. मग कंडक्टर मागपर्यंत आला आणि नेमका माझ्यासमोर थांबला. मी त्यालाही नाही म्हटलं आणि जन्मात कधी कपाशी पाहिली नसल्यासारखा खिडकीबाहेर पाहू लागलो. प्रभूला धरून नेलं त्या रात्री पेत्र या त्याच्या शिष्यानंही त्याला तीनदाच नाकारलं होतं. पण त्याला जिवाची भीती होती, मला मुख्याध्यापकांची.

इथवर निदान लाजच होती. पुढे जे झालं ते लाजेच्याही पलीकडचं होतं. उत्तर येत नाही म्हटल्यावर बाबा घाबरले. दांडा धरून ते ड्रायव्हरकडे वळले.

“माहा पोरगा खालीच राह्यला जी. माह्यासाठी पाणी आणाले उतरला असन. गाडी वापस घ्या, पाया पडतो तुमच्या.”

आता कोणीच हसेना. मघाची आजीच सगळ्यात आधी म्हणाली, घ्या न बाप्पा वापस. मुख्याध्यापकांनीही दुजोरा दिला. मला हरवलेला धरून भर रस्त्यात गाडी वळवायची तयारी सुरू झाली, आणि मी मागच्या सीटवर बसून मनात म्हणत होतो, ऊठ, आता तरी ऊठ. उठलो मात्र नाही.

तेवढ्यात कंडक्टरला अक्कल सुचली. त्यानं बाबांना माझा नंबर विचारला. तो त्यांना तोंडपाठ होता. कंडक्टरनं तो लावला आणि माझ्या खिशातून बाबा गायला लागले. चर्चमध्ये कौतुक व्हावं म्हणून मी त्यांच्याच आवाजातलं गीत रिंगटोन लावलं होतं. मी चुकीचं बटण दाबलं, तसा आवाज आणखी वाढला.

पन्नास माना माझ्याकडे वळल्या. बाबांनी स्वतःचा आवाज ओळखला. मग शांतपणे कंडक्टरला म्हणाले, “हौ, तोच माहा पोरगा. कानानं कमी ऐकू येते बिचाऱ्याले.”

सगळ्या गाडीला माझी दया आली; मघाचे माझे तिन्ही नकार आता नीट न ऐकता दिलेले ठरले. उरलेला प्रवास मी बाबांच्या पायाशी, इंजिनच्या गरम झाकणाजवळ बसून केला. कोणी काही बोललं नाही. बहिऱ्याशी कोण बोलणार?

यवतमाळला ऑटोत बसल्यावर मी म्हणालो, “बाबा, मी गाडीत...”

“थांब जरासा. आज खोटं बोललो मी. त्याची माफी मांगू दे आधी.”

त्यांनी डोळे मिटून मागितली. फक्त त्यांच्या खोट्याची. माझा त्यात उल्लेखही नव्हता. ती बाजू त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. मी ऑटोवाल्याला दवाखान्याचा रस्ता सांगू लागलो.

ऑपरेशन छान झालं. बाबांना आता सगळं दिसतं, हीच माझी अडचण आहे. शाळेत मुख्याध्यापक माझ्याशी कानाजवळ येऊन ओरडून बोलतात. खरं सांगायला रोज सकाळी मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जातो. ते ओरडतात, “काही काम होतं का, सर?” आणि मी कानामागे हात धरून म्हणतो, “आँ?”