वाघ ज्याले भिईल असा चेहरा

धानोऱ्याच्या आमच्या शाळेत खडू कधी वेळेवर यायचे नाहीत, किस्से मात्र रोज ताजे! जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझ्याकडे साठा मोठा. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शेख बाई आल्या आणि पुढचे सगळे किस्से त्यांनीच पळवले. नववी ‘अ’ त्यांना, ‘ब’ मला. आणि माझी मुलगी सुजाता ‘अ’मध्ये. आता बोला!

*

पहिल्याच आठवड्यात बाईंनी वर्गात कपड्याला चिकटणारे काटेरी गोखरू आणले. मग सँडलची चिकटपट्टी चर्रकन उघडून म्हणाल्या, “अशाच काट्यावरून माणसाले हे सुचलं. निसर्गाची नक्कल करा, पण समजून करा.”

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर पेशी काढत होतो आणि मागे ‘ब’ वर्ग फिदीफिदी हसत होता. स्टाफरूममध्ये हेडमास्तरांनी माझ्या स्वेटरच्या पाठीवरून एकेक गोखरू उपटला.

“मेश्राम सर, बाईंचा धडा तुमच्या वर्गापर्यंत पोचला म्हणायचा!”

मी हसलो. आतून जळून खाक!

*

मग म्हटलं, आपण काय कमी आहोत? वारुळात हवा कशी खेळती राहते, हे मला बाईंच्या आधीपासून ठाऊक होतं. ‘ब’ वर्गाच्या भिंतीला खाली-वर भोकं पाडून घेतली. वर्ग थंड झाला की नाही ते कळायच्या आत वटवाघळं राहायला आली.

“सर, बाई नुसतं चित्र दाखवते. तुमी तं जनावरच आनलं!”

पोरं खूश होती. हेडमास्तर नव्हते.

*

घरी तर आणखीच. सुजाता जेवताना अळूच्या पानावर पाणी ओतायची.

“बाबा, थेंब कसा घरंगळते पाहा! बाई म्हणे, परदेशात भिंतीले लावाले असाच रंग बनवून राह्यले.”

“पानाचं मीही सांगितलं होतं.”

“तुमी लिहून देल्लं होतं, बाबा.”

बायको म्हणाली, “काऊन तोंड पाडून राह्यले? चांगलं शिकवते ते बाई.”

वरणात मीठ नाही, असं मी म्हणालो. होतं.

*

मोहफुलं पडायला लागली. पोरांच्या आया पहाटे जंगलात वाकून फुलं वेचतात, आणि वाघ येतो तो मागून. बाईंनी वर्गात एक फुलपाखरू दाखवलं, पंखांवर डोळे असलेलं.

“या डोळ्याले पाखरं बिचकते. तुमच्या आईच्या डोक्यामागं पन असे डोळे पायजे. वाघ ज्याले भिईल असा चेहरा काढा!”

दोन्ही वर्ग पुठ्ठ्याचे मुखवटे करायला लागले. माझासुद्धा! मला कोणी विचारलंही नाही. उलट मी दिसलो की पोरं पुठ्ठे पाठीमागे लपवायची.

रविवारी राहवलं नाही. बघू तरी बाईंचं कौतुक, म्हणून सायकल काढली.

मोहाखाली आया वाकलेल्या. प्रत्येकीच्या डोक्यामागे जाड भिंगाचा चष्मा, झुपकेदार मिशी, कपाळावर आठ्या. जिकडे बघावं तिकडे मीच!

एक आई म्हणाली, “सर, लेकरं म्हन्ते, दुसऱ्या कोनाले वाघ भेनार नाई.”

पलीकडे शेख बाई पोरांसोबत फुलं वेचत होत्या. त्यांच्याही डोक्यामागे मीच, आणि कोपऱ्यात सुजाताची सही. आता या पोट धरून हसणार, म्हणून मी सायकल वळवायला लागलो.

बाई उठल्या. हसल्या नाहीत.

“सर, मले तुमची जलन होते. दोन वर्गातल्या एकाही लेकरानं माझा चेहरा नाई काढला!”