कॅनडाचा मुलगा

इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकला जाणाऱ्या ट्रेनमध्ये मी मित्राशी फोनवर तावातावाने भांडत होतो. आमच्या लाडक्या आइस हॉकी टीमने यंदाच्या ड्राफ्टमध्ये कुठला नवा खेळाडू घ्यावा, यावरून.

"स्वीडनचा उंच आहे रे, पण गुडघा दुखरा. मला कॅनडाचाच पसंत आहे!"

समोर संत्रं सोलत बसलेल्या अनोळखी काकू थांबल्या. "फोटो बघू?" चक्क मराठीत.

मी दाखवला. पुढचे दोन दात गायब, तरी पोरगा खदखदून हसत होता. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवून निरखलं आणि माझ्या हातावर संत्र्याची फोड ठेवली.

"हसरा आहे. सोडू नका याला. दात काय, बसवता येतात."

उतरताना मात्र दारातून वळून दटावलं, "पण मुलीला विचारलंत ना?"

टीमने शेवटी त्यालाच घेतलं. आम्ही त्याला जावईबापू म्हणतो.